फ्रेममधली लाल शाल

पानगळ सुरू झाली की फोटोग्राफरच्या जिवाला चैन नसायचं. त्याच त्या पिवळ्या झाडांचे तेच ते फोटो काढून तो विटला होता. यंदा काहीतरी वेगळं हवं होतं. विसरभोळ्या आईला घरी एकटं ठेवायची सोय उरली नव्हती, म्हणून तिलाही त्याने बागेत सोबत आणलं होतं. तो कधी गुडघे टेकून बसे, कधी पानांत पालथा पडे, आणि नेमका कोन जमला की आईची लाल शाल फ्रेममध्ये हजर.

“आई, बाजूला हो ना जरा.”

“झाले हो बाजूला,” म्हणत ती चार पावलं सरके. तो चरफडत फोटो डिलीट करी आणि नव्याने जुळवाजुळव करी.

अखेर एक फोटो सगळ्यांत मनासारखा आला. तिला दाखवायला तो वळला, तर आई कुठेच नव्हती.

हाका मारून मारून त्याचा घसा बसला, तेव्हा बागेचा रखवालदार म्हणाला, “साहेब, एवढे फोटो काढलेत, त्यांत बघा की. शेवटी कुठल्या वाटेला दिसल्या ते कळेल.”

त्याने कॅमेरा चाळला.



छत्तीस फोटो होते, एकाहून एक सरस, आणि एकातही त्याने लाल शाल शिल्लक ठेवली नव्हती.