वायरीवरचा खार

रेवदंड्याच्या भावनाची व्हॅन नेमकी पाहुणे आणायला निघायच्या वेळी अडून बसली. चावी फिरवली की नुसती कटकट. ओट्यावर बसलेला तिचा दीर रत्नपाल जणू त्यासाठीच टपलेला. "बॅटरी मेली, वैनी. इकून टाक. दर्याकाठी गाडी सांभाळणं बाईमाणसाचं काम न्हाय."

भावनानं हॉर्न दाबला. सगळी आळी दणाणली. "मेलेलं एवढं वरडतं व्हय, भावजी?"

बॉनेट उघडलं, तर बॅटरीच्या वायरीचं धातूचं टोक हिरव्या-पांढऱ्या खारानं पार पोखरलेलं. ती तडक हार्डवेअरच्या दुकानात गेली. दुकानदारानं नव्या टोकाबरोबर हातोडी पुढे केली. "ठोकून बसवा, चालून जाईल."

"ठोकलेलं टिकत न्हाय," म्हणत तिनं टोक दाबून बसवायची लांब दांड्यांची पक्कड उचलली.

घरी येऊन तिनं वायर सोडवली, सोड्याच्या गरम पाण्यानं खार धुतला, सडलेला भाग लाल तांबं दिसेपर्यंत कापला आणि नवं टोक दोन्ही हातांनी करकचून दाबलं. वायर परत आवळून चावी फिरवली, तशी व्हॅन गुरगुरली.

रत्नपाल ओट्यावरून हलला नव्हता. "दर्याचा वारा हाय. परत खार खाईल."

"खाऊ दे. घासून काढीन." पक्कड सीटखाली सरकवत भावनानं गिअर टाकला. "पण ही गाडी घेतल्यापासून तुम्ही माझ्यावर खार खाऊन बसलात ना, त्याचं हत्यार तेवढं न्हाय मिळालं दुकानात."