गोमूत्राचा तांब्या

रायभानची सून नातवाला घेऊन माहेराहून आली अन् घरात कधी थेंब न सांडलेल्या भुऱ्या कुत्र्यानं पाळण्याच्या पायाला तंगडी वर केली. बायको कडूबाई रोज तांब्यातलं गोमूत्र शिंपडायची, भुऱ्या पुन्हा तिथंच मुतायचा. शेवटी रायभान पोतं घेऊन उठला. मेंढरामागं सोबत फिरलेलं कुत्रं वडीगोद्रीच्या सडकंला सोडायचं म्हनून त्यानं पोत्याचं तोंड दोनदा उघडलं अन् दोनदा मिटलं. तेवढ्यात सून म्हनली, "मामा, कुत्रं न्हाई, आत्याबाईचा तांब्या सोडून या. भुऱ्याला वाटून राह्यलं, दुसरंच जनावर घरात मुतून जातंय." कडूबाई फणकारली, "मी घर बाटवते व्हय?" सुनेनं गरम पाण्यानं जागा धुतली अन् भुऱ्याची भाकर तिथंच चुरली. खायच्या जागी कुत्रं मुतत न्हाई. भुऱ्या सुधरला. रायभान सुनेचं कवतिक सांगायला निघाला, तर कडूबाई शेजारणीला म्हनत व्हती, "सून मीच पारखून आनली."