निम्म्याहून जास्त

कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं चक्र गरगर फिरत राहिलं आणि सोमेश्वर सरांचा पारा चढला. "वनिता, सरकारी समितीच्या साहेबांनी गेवराई सोडलीय. हा शोध असा रखडला तर ते चहा पिऊन निघून जातील!"

वनिताच्या मनात आलं, बाया दवाखान्याच्या ओट्यावर दिवस दिवस ताटकळतात. साहेब लोकांना मात्र घटकाभर दम निघत नाही.

संस्थेनं ऊसतोड बायांच्या हजारो जबान्या वेबसाइटवर चढवल्या होत्या. पहिली जबानी वनिताच्या आईची, तेलगावच्या सुभद्राबाईची. पाळीपायी तोडीत खाडा नको म्हणून ऐन पंचविशीत तिची पिशवी काढायला लावली होती. गर्भाशयाला तिकडं पिशवीच म्हणतात. कुणी भरीला घातलं, कोणता दवाखाना, सगळं तिनं भीडभाड न ठेवता सांगितलं होतं. आज साहेबांना पटलं, तरच त्या दवाखान्यांची चौकशी लागणार होती. म्हणून सुभद्राबाई सकाळीच ऑफिसात येऊन बसली होती.

"आमी बोलून बोलून दमलो, पोरी," ती म्हणाली. "आता तुज्या मशीनला बोलू दे."

वनितानं इंडेक्स उघडला. इंडेक्स म्हणजे कोणता शब्द कोणत्या जबानीत आहे, याची मशीननं धरलेली खूण. तो फुगून बसला होता. 'आणि', 'मग', 'होतं' असले शब्द जिथं तिथं ठाण मांडून होते. तिनं धंद्यातला नेहमीचा उपाय केला. निम्म्याहून जास्त जबान्यांत येणारा शब्द मशीननं आपोआप गाळायचा. जे सगळीकडंच आहे, ते शोधून काय मिळणार?

इंडेक्स नव्यानं बांधला. 'तेलगाव' टाकताच डोळ्याचं पातं लवायच्या आत जबान्या हजर. सरांनी शाबासकी दिली.

साहेब आले, खुर्चीत बसले आणि त्यांनी स्वतःच टाइप केलं, 'पिशवी'.

एकही नोंद सापडली नाही.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. साहेबांचा चेहरा मात्र खुलला. "मला वाटलंच होतं. पेपरवाले राईचा पर्वत करतात."

आपल्याच हातानं आपण आईचं तोंड दाबलं, हे वनिताला कळलं.

"साहेब, थांबा. चूक माझी हाय. निम्म्याहून जास्त बायांच्या जबानीत हा शब्द आला, म्हणून मशीननं तो गाळला."

तिनं तो नियम काढला, इंडेक्स पुन्हा बांधला. जबान्यांनी पडदा भरून गेला. त्या सरकत राहिल्या, संपेनात. साहेबांनी दोन-चार वाचल्या.

सुभद्राबाई पदर सावरत उठली. "लागंल ना मंग चौकशी, सायेब?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"बाई, काही वेगळं घडलं तर चौकशी लागते. निम्म्याहून जास्त बायकांचं असंच असेल, तर हे तुमच्याकडचं नेहमीचंच झालं."