उसवण

रेवदंड्याच्या पडक्या कोटाच्या सावलीत, पेणहून सहलीला आलेल्या बायकांनी उद्याच्या प्रदर्शनाची गोधडी पसरली. शेवटचे टाके समुद्राकाठी घालायचे असं ठरलं होतं. या सगळ्यांना गोधडी शिकवलेल्या अनसूयाताई हात धुऊन येत होत्या, तेवढ्यात भिंतीपलीकडून विशाखाचा आवाज आला. विशाखा त्यांची सर्वांत लाडकी.

"ताईंचे टाके हल्ली फार वेडेवाकडे पडतात गं. त्या घरी गेल्या की आम्ही उसवून पुन्हा घालतो."

"मग त्यांना सांगत का नाही?" दुसरीने विचारलं.

"वेडी आहेस का? त्यांच्या नावावर तर गोधड्या खपतात!"

दोघी हसल्या. अनसूयाताई हात पुसत जाऊन आपल्या जागी बसल्या. "या ताई, तुमच्याशिवाय कोपरा कोण शिवणार?" म्हणत विशाखानेच सुई ओवून दिली. ताईंनी डोळे ताणून, जीव ओतून कोपरा शिवला. बायकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले.

परतीच्या बसमध्ये ताई डोळे मिटून बसल्या होत्या.

"झोपल्या वाटतं," मागच्या सीटवर कुणीतरी कुजबुजलं. पाठोपाठ कात्रीचा बारीक आवाज सुरू झाला. या वेळी ताई घरी पोहोचेपर्यंतही कुणाला दम निघाला नव्हता.

"विशाखा," डोळे न उघडताच ताई म्हणाल्या, "सावकाश उसव. आतलं लुगडं जुनं आहे, फाटेल."

कात्री थांबली. अलिबाग मागे पडलं.

मग कात्री पुन्हा चालू लागली.