केळ्यावरची अक्षरं

आपल्या मैत्रिणीच्या कादंबरीवर सिनेमा निघाला म्हणून बायको दयानंदला अर्धापूरहून नांदेडला घेऊन गेली. पडद्यावर नायिकेनं बांगडीतली पिन काढली, केळ्यावर ‘वाट बघते’ असं कोरलं आणि ते केळं प्रियकराला धाडलं. दयानंदची छाती फुगली. लग्न झाल्यापासून त्याच्या डब्यात रोज असंच केळं यायचं. सकाळी न दिसणारी अक्षरं दुपारपर्यंत काळी पडायची. त्यानं बायकोला कोपरानं डिवचलं. “आपलं गुपित सांगितलंस व्हय मैत्रिणीला?” तिनं पदरानं डोळे पुसले. “आपलं न्हाई हो. माझ्या कॉलेजातलं हाय.” दुसऱ्या दिवशी शेताच्या बांधावर त्यानं डबा उघडला. केळं होतंच. ते फिरवून फिरवून पाहिलं. ‘वाट बघते’ एवढंच होतं. कुणाची, ते कधीच नसायचं. बायकांनी नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं म्हणून लिहीत नसेल, असं तो वीस वर्षं धरून चालला होता.