हॉर्नची तार

१९६३च्या उन्हाळ्यात, इस्रायलमधल्या बीरशेबा गावातल्या आपल्या गॅरेजात मोझेसने पिन्हासच्या जुन्या गाडीचे प्लग साफ केले, ब्रेक जुळवले. मग पिन्हास हळूच म्हणाला, "हॉर्नही बंद करून टाक."

"अरे, चांगला वाजतोय की!"

"तेच तर. आमचा रूबेन लष्करातून रजेवर आला, की हीच गाडी फिरवायचा. घरी येताना कोपऱ्यावरूनच हॉर्न द्यायचा. त्याला माती देऊन वर्ष झालं, तरी मी हॉर्न दिला की त्याची आई दाराकडे धावते. बघवत नाही."

मोझेसने हॉर्नची तार सोडवली.

दुसऱ्याच दिवशी गाडी परत आली. पिन्हासच्या शेजारी रूबेनची आई बसली होती.

"मोझेसभाऊ, तेवढी तार जोडून द्या," ती म्हणाली. "रूबेन येणार नाही, कळतं मला. पण दाराशी पोचेपर्यंत तरी तो आलेला असतो."