पिवळ्या टोपीतली छकुली

"हात सोडला, चूक माझीच आहे," आजोबा म्हणाले आणि टेबलाचा कोपरा धरून उभे राहिले. "पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होतो हो. मान वर करतो तर पोरगी गायब!"

माईकवाल्या बाईनं त्यांच्याकडे खुर्ची सरकवली. हरवलेल्यांचा हा तंबू स्टेजच्या अंगालाच होता. वर ऊन, खाली तापलेली माती, आणि पलीकडे ढोलताशांसारखे दणदणणारे ड्रम. सकाळपासून बाईनं दोन चष्मे, एक चप्पल आणि कुणाचा तरी नवरा परत मिळवून दिला होता. पोर हरवल्याची ही पहिलीच वर्दी.

"नाव काय तिचं?"

"छकुली."

"खरं नाव?"

"त्याला ती ओ देत नाही. घरीदारी सगळ्यांची छकुलीच."

"अंगावर खूण काही?"

"डोक्यावर पिवळी टोपी. टोपीवर कापडाचं सूर्यफूल, मीच शिवलेलं. शिंपी आहे मी. आणि दोन वेण्या." आजोबांनी कपाळ पुसलं. "गाणं लागलं की तिचे पाय थांबत नाहीत. आइसक्रीम दिसलं की संपलंच. अनोळखी माणसाशी बोलू नकोस म्हणून हजारदा सांगितलं, पण ऐकेल तर शपथ!"

"आमच्याकडेही एक आहे असंच ध्यान," बाई म्हणाली. त्यांना जरा धीर यावा म्हणून.

पण आजोबांनी खिशातून दम्याचा पंप काढून टेबलावर ठेवला. "उन्हात धावली की छाती भरून येते तिची. आणि पंप हा असा माझ्याकडे."

आता बाईलाच धीर राहिला नाही. "तिच्या आईला फोन लावू?"

"आईला?" आजोबांनी मान हलवली. "तिथं कुठला फोन लागतोय! जाताना एवढंच बजावलं होतं तिनं, काही झालं तरी हिचा हात सोडू नकोस."

"या गर्दीत कुणाचाच लागत नाहीये. तुम्ही बसा. सापडेल ती."

बसतात कसले! पंप खिशात टाकून ते आइसक्रीमच्या गाड्यांकडे निघालेसुद्धा. बाईनं माईक ओढला. पोराचं नाव माईकवर घ्यायचं नाही असा इथला नियम होता. नाव कळलं की कुणीही हाक मारून घेऊन जाईल. वय विचारायचं राहूनच गेलं होतं, ते तिनं अंदाजानं घातलं. "लक्ष द्या. सहा-सात वर्षांची मुलगी हरवली आहे. पिवळी टोपी, दोन वेण्या. दिसल्यास तंबूत आणा."

पहिली आली ती एक म्हातारी. डोक्याला ओला टॉवेल गुंडाळलेला, हनुवटीखाली गाठ, चेहरा लालबुंद.

"काय गं, मिळाली का पोर? कुणाची आहे?"

"नाही अजून. आजी, तुम्ही आधी सावलीत बसा बघू."

"मला काय धाड भरलीये!"

"बरोबर कोणी आहे की नाही तुमच्या?"

"आहे की. बसला असेल कुठंतरी सावली धरून, त्याला ऊन सोसत नाही. मी स्टेजपुढं बघते, सगळी पोरं तिथंच नाचतायत." आणि ती गर्दीत घुसलीसुद्धा. लोकांना किती कळवळा असतो, बाईला वाटलं.

आजोबा हात हलवत परत आले. तोवर स्वयंसेवकांनी पिवळ्या टोप्यांचा सपाटा लावला होता. एक चिमुरडी खांद्यावर झोपलेलीच आणली. आजोबा म्हणाले, "छे हो, ही तर केवढीशी!" दुसरीच्या मागोमाग तिची आई धावत आली आणि "पोरी पळवता का रे?" म्हणून तिनं सगळ्यांचा उद्धार केला.

तिसरीच्या टोपीवर सूर्यफूल होतं.

आजोबांनी टोपी हातात घेतली, उलटी केली, टाके पाहिले. "ही तिचीच." मग समोरच्या पोरीकडे पाहिलं. आखूड कुरळे केस, हातात बर्फाचा गोळा. "पण ही ती नव्हे."

"बाळा, ही टोपी कुणी दिली तुला?" बाईनं विचारलं.

"एका आजीनं. टॉवेलवाल्या."

बाईला मघाची म्हातारी आठवली. तो कळवळा, ते खोदून खोदून विचारणं, ती स्टेजपाशी नाचणाऱ्या पोरांत जायची घाई. आणि आपण तिला सावलीत बसवत होतो! तिनं वॉकीटॉकी उचलली. "डोक्याला ओला टॉवेल बांधलेली म्हातारी. स्टेजपुढं असेल. दिसली की धरा, सोडू नका."

आजोबा खुर्चीत कोसळल्यासारखे बसले होते. टोपी छातीशी धरून ते एकच गोष्ट पुटपुटत होते. "पंप माझ्याकडे आहे हो. पंप माझ्याकडे आहे."

गाणं संपलं, टाळ्या झाल्या, दुसरं सुरू झालं. मग सुरक्षारक्षक म्हातारीला दंडाला धरून घेऊन आला. तिच्या छातीचा भाता झाला होता. तोंडातून शब्द फुटत नव्हता, पण मोकळ्या हातानं ती रक्षकाला चापट्या मारत होती.

बाई तिच्यासमोर उभी राहिली. "मुलगी कुठाय? टोपी कुठून आणलीत ती?"

म्हातारीनं मान हलवली, टेबल धरलं आणि वाकली. टॉवेल घसरून खाली पडला. आतून दोन पांढऱ्याशुभ्र वेण्या खांद्यांवर आल्या.

आजोबा बाईला बाजूला ढकलूनच पुढे आले. पंप थेट म्हातारीच्या तोंडाला लावला. "ओढ, छकुले. हं, अजून एकदा. ओढ."

म्हातारीनं ओढलं. थांबली, पुन्हा ओढलं. डोळे पुसले, श्वास जागेवर आला, तशी ती कंबरेवर हात ठेवून त्यांच्यावरच कडाडली. "काय रे दादा, तू इथं सावलीत बसलायस होय! आणि मी मेली मघापासून उन्हात कुणाची तरी हरवलेली पोर शोधत हिंडतेय!"